तानबाची जास्तीची गाठ

हिंगणीच्या तानबाचा एक हट्ट होता. काहीही मोजायचं असो, पहिल्याला ‘लाभ’ म्हणायचं, हे गावात सगळेच करतात; पण लोक पुढे ‘दोन’ म्हणतात, हा मात्र ‘एक’पासून सुरू करी. कोणी हटकलं तर म्हणे, “लाभ देवाचा. तो हिशेबात कायले धरता?” आता अशा माणसाशी कोण डोकं लावणार?

तानबा तालुक्याच्या कॉलेजात शिपाई, शिवाय घरची कपाशीची शेती. तीन वर्षांपूर्वी धनंजय सरांनी तिथे बेसबॉल सुरू केला, तेव्हा मैदान आखायला फीत नव्हती. तानबानं घरून कपाशीचं बी ओळीत टोबायची दोरी आणली, दर तीन फुटांवर गाठ असलेली. सर म्हणाले, बॅट धरणाऱ्यापासून वीस गाठी आणि वर अर्धा फूट, तिथे बॉल फेकणाऱ्याची पाटी ठोका. तानबानं मोजून ठोकली. त्याच पाटीवरून त्याचा पोरगा प्रफुल तीन वर्षं रोज शंभर बॉल फेकत आला.

आज वर्ध्याच्या मैदानावर त्या तीन वर्षांचा निकाल होता. एका नव्या लीगच्या छाया मॅडम खेळाडू निवडायला आल्या होत्या. दहा बॉलमध्ये सहा स्ट्राइक, म्हणजे नेमात बसलेले बॉल, पडल्या की दोन वर्षांचा करार, म्हणजे खेळायचा पगार.

प्रफुलचे पहिले चारही बॉल झेलणाऱ्याच्या डोक्यावरून गेले.

धनंजय सरांनी कपाळाला हात लावला. तानबा मात्र पाटीकडे बघत होता. उभा जन्म कपाशीच्या ओळी धरण्यात गेलेला. त्याची नजर खोटं सांगत नव्हती.

“सर, हे आपल्याहून जवळ हाय. एक गाठ कमी.”

“तानबाजी, हे फितीनं मोजलेलं आहे.”

तानबाच्या लक्षात आलं. म्हणजे चूक त्याच्या लाभाची होती; लाभ हिशेबात न धरल्यानं कॉलेजात विसाच्या एकवीस गाठी झाल्या होत्या. एवढ्या लोकांत जायची त्याला लाज वाटली, पण पोराचं नशीब मोठं होतं. तो सरळ मैदानात गेला आणि छाया मॅडमना सगळं सांगून मोकळा झाला.

“गेलेले चार परत मिळणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “उरलेले सहा टाकू द्या.”

सहापैकी सहा पाहिजे होते. तानबा पोराजवळ गेला. “बेटा, माह्यी मोजणी चुकली. पाटी तीन फूट जवळ हाय. गुडघ्यावर नेम धर.”

प्रफुल बापाकडे बघतच राहिला. मग हसला. “म्हणूनच खांदा दुखून राह्यलाता काय, बाबा?”

पाचवा बॉल हातमोज्यात असा वाजला की चहावाल्यानंही मान वर केली. सहावा तसाच. सातव्याला समोरच्यानं बॅट फिरवली तेव्हा बॉल पोचलेला होता. दहावाही स्ट्राइक पडला तेव्हा तानबाचे डोळे भरले होते, आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. त्याचा पोरगा होता तो.

छाया मॅडमनी करारावर प्रफुलचं नाव लिहिलं आणि तानबाला विचारलं, “त्या लांबच्या पाटीवरून आणखी किती पोरं फेकतात?”

“बारा हायेत जी.”

“पुढच्या महिन्यात बाराही घेऊन या. आणि ती पाटी हलवू नका.”

परतीच्या बसमध्ये तानबानं बोटांवर पोरं मोजली. प्रफुलपासून सुरुवात केली. “लाभ,” तो म्हणाला, आणि मग एक.