एका दिवसाचं परगाव

चहाच्या कपबशा विसळून झाल्या तशी आईने दाराकडे बोट दाखवलं. "चल, निघ आता. गाडी चुकेल."

गाडी कुठलीच नव्हती. ठकीला फक्त जिना उतरायचा होता आणि खालच्या दुकानात जाऊन बसायचं होतं. पण आई एकदा मनावर घेते म्हणजे घेते. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि एक शाल तिने पहाटेच पिशवीत भरून ठेवली होती.

"शाल कशाला? खाली उकडतं."

"परगावची हवा कशी असेल काय सांगावं," आई म्हणाली. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

कल्पना आईचीच. उद्या सकाळपर्यंत ठकीला दुसऱ्या शहरातल्या नोकरीला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि गेले कित्येक दिवस मायलेकींनी त्या एका गोष्टीचा चोथा केला होता. शेवटी आई म्हणाली, नुसतं बोलून काय कळतंय? एक दिवस तू गेलीस असं समजून राहू. दुकान म्हणजे परगाव. भेटायचं नाही, जिन्यातून हाक मारायची नाही, काय असेल ते फोनवर. दिवेलागणीपर्यंत.

"आणि मी मध्येच वर आले तर?"

"तर जायचं नाही. विषय संपला, पुन्हा काढायचा नाही."

"आणि तू हाक मारलीस तर?"

"मी कशाला मारतेय हाक!"

ठकी दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. कुणाची कवळी, कुणाच्या दाढेवरची कॅप. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांचे दात ती दिवसभर कोरत, घासत, रंगाला रंग जुळवत बसायची. त्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं, आणि तेही एका अख्ख्या विभागाची प्रमुख म्हणून. पगार चांगला. यंत्रं नवी. इथल्या मालकासारखं पाठीमागे उभं राहून उसासे टाकणारं कुणी नाही. विरुद्ध बाजूला अनोळखी गाव, महाग भाडं, आजारी पडलं तर पाणी द्यायला माणूस नाही. "आणि तू," असं ठकी प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची.

"मला तुझ्या वजाबाकीत घालू नकोस," आई म्हणायची.

खरी वजाबाकी वेगळीच होती आणि ती ठकीने कधी उच्चारली नव्हती. मागच्या वर्षी ती शिक्षणासाठी काही महिने बाहेरगावी राहिली होती. रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, बाबा कसे आहेत? आई म्हणायची, बरे आहेत, आत्ताच डोळा लागलाय. आवाज कसा, तर कडक इस्त्री केलेला. कुठे चुणी म्हणून नाही. मग एके दिवशी शेजारच्या नर्सबाईंचा फोन आला, पोरी, असशील तशी ये. ती पोचली तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते, पण बोलणं गेलं होतं.

"तुझी परीक्षा होती," आई तेव्हा म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. फक्त त्या आवाजावरचा ठकीचा विश्वास उडाला तो उडालाच. दुसऱ्या शहरात तिच्याजवळ आईचा तेवढा आवाजच असणार होता.

दुकान बंद होऊन आता बरेच महिने झाले होते. बाबा जुन्या खुर्च्या आणि कोच नव्याने मढवून द्यायचे. काथ्याची पोती अजून कोपऱ्यात होती, भिंतीला कात्र्या लटकत होत्या, आणि हवेत तोच सरस आणि धूळ यांचा वास. लहानपणी ती इथे कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात बसून राहायची. चिंध्यांतली बाहुली दिसतेस, म्हणून बाबांनी नाव ठेवलं ठकी. खरं नाव शाळेत आणि पगारपत्रकात राहिलं.

फोन वाजला.

"पोचलीस का?"

"पोचले."

"कसं आहे गाव?"

"धूळ फार आहे."

"माणसं?"

"एकच आहे. तेही बिनकामाचं."

आई खुदकन हसली. ते हसू फोनमधून आलं आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या फळ्यांमधूनही आलं. हे ठकीच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुकानाचं छत लाकडी फळ्यांचं. वर टाचणी पडली तरी खाली कळायची. आई मोरीपाशी गेली, ओट्याशी आली, थांबली. ठकीला सगळं ऐकू येत होतं. हे कसलं परगाव, तिच्या मनात आलं.

दुपारी पुन्हा फोन. "जेवलीस का?"

"जेवले," ठकी म्हणाली. डबा पिशवीत तसाच होता.

"मीसुद्धा. आता जरा पडते."

आई पडली नाही. फोन ठेवल्या ठेवल्या पावलं समोरच्या खोलीत गेली आणि काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. लाकूड फळ्यांवर ओरखडत होतं. थोडं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. ठकी उभी राहिली. एवढी जड वस्तू वर एकच होती, खिडकीपाशी ठेवलेली बाबांची खुर्ची. उंच पाठीची, त्यांनी स्वतःसाठी मढवलेली. ते गेल्यापासून तीत कुणी बसलं नव्हतं. ठकी रोज सकाळी ती पुसायची, आणि पुसून झाली की होती तशीच ठेवायची.

ओरखडा समोरच्या खोलीतून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. मग धाडकन आवाज झाला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, मऊ, अंगाचा.

मग काहीच नाही.

तिने फोन लावला. वर तो वाजताना ऐकू येत होता. वाजत राहिला, वाजत राहिला.

"हं, बोल गं."

"काय पडलं?"

"कुठे काय?"

"आई, मला आवाज आला."

"परगावी बरा ऐकू आला तुला! डबा पडला. रिकामा होता."

"तू बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? बरी आहे. ठेव आता, झोपू दे."

तोच आवाज. तीच इस्त्री.

ठकी जिन्यापाशी कधी आली ते तिलाही कळलं नाही. एक पाय पहिल्या पायरीवर होता. वर गेलं की संपलं. संपू दे, तिला वाटलं, खड्ड्यात गेली नोकरी. आज ती वर जाईल, आईला उठवेल, आणि मग उद्या? इथल्या प्रयोगशाळेत असताना तरी कुठलं छत ऐकणार? की जन्मभर याच फळ्यांखाली कान लावून बसायचं, आणि वर आईने जन्मभर हळू चालायचं? खरंच दूर असते तर काय केलं असतं मी?

पायरीवरचा पाय तिने मागे घेतला. खूप कष्टाने घेतला. आणि नर्सबाईंना फोन लावला.

नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या, पण चालायच्या अजून वॉर्डातून चालल्यासारख्याच. वरच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. त्या तरातरा आल्या आणि दुकानाच्या उघड्या दारात थबकल्या.

"अगं, तू तर इथेच आहेस! मग मला कशाला फोन?"

"मी इथे नाहीये, काकू."

"काय?"

"मी परगावी आहे. नंतर सांगते. तुम्ही आधी वर जा."

"मायलेकींना एकदमच लागलंय का वेड?" म्हणत त्या जिना चढल्याही.

कुलूप उघडलं. पावलं. मग नर्सबाईंचा चढा आवाज आणि आईचा दबका. शब्द कळेनात. ठकीने टेबलाची कड घट्ट धरली. मग फोन वाजला.

"ऐक," नर्सबाई म्हणाल्या. "वहिनी आतल्या खोलीत खाली बसल्यात, मी बाहेरच्या खोलीत, आणि मध्ये दारात तुझ्या बाबांची खुर्ची फसलीय. पुढे जाईना की मागे येईना. जोर लावून ओढू का?"

"नको! ओढू नका, आईच्या अंगावर कलंडेल. काकू, खुर्चीची पुढची बाजू तुमच्याकडे आहे ना?"

"हो."

"तिचे पाय आट्यांचे आहेत. एका हाताने खुर्ची धरा आणि पुढचा पाय फिरवा. घड्याळाच्या उलट. आधी घट्ट लागेल, मग सुटेल."

बाबा सगळ्याच खुर्च्यांना असे पाय लावायचे. जिना कितीही अरुंद असो, म्हणायचे, माझी खुर्ची घरात शिरली पाहिजे, आणि घर बदललं तर बाहेरही पडली पाहिजे. पाय कसे काढायचे ते ठकीला त्यांनी इथेच, या टेबलापाशी शिकवलं होतं.

वर काहीतरी पडलं आणि गडगडत भिंतीपर्यंत गेलं. एक पाय. बऱ्याच वेळाने दुसरा. मग एक लांब ओरखडा, उलट दिशेने.

"निघाली," नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. पुन्हा उचलला तेव्हा आवाज दवाखान्यातला झाला होता. "मोडलेलं काही नाही. गुडघा मात्र चांगलाच सुजलाय, दोन दिवस पाय टेकवणं जड जाईल. वहिनी म्हणतात तिला सांगू नका. म्हणून सांगतेय. हं, घ्या हो, बोला लेकीशी, मी बर्फ बघते."

फोन आईकडे गेला.

"खुर्ची कशाला हलवत होतीस?" ठकीने विचारलं.

"मला खिडकीपाशी बसायचंय."

"मग बसायचं की तीत."

"ती त्यांच्या मापाची आहे. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत." आई थांबली. "तू असलीस की हलवता येत नाही. रोज पुसतेस तू ती. कसं बोलणार? म्हटलं, आज तू नाहीयेस तर घेऊ उरकून."



"पडलीस ना?"

"पडले."

"दुखतंय?"

"नाही गं, जरासं..." ओळखीचा आवाज सुरू झाला आणि मध्येच अडखळला. "दुखतंय. खूप दुखतंय."

फोनवर आई असं पहिल्यांदाच बोलत होती.

"येऊ का?" ठकीने विचारलं, आणि विचारताना तिला खरंच माहीत नव्हतं की कुठलं उत्तर हवंय.

"नको. त्या आहेत इथे. येऊ नकोस, पण दुखतंय." मग आई हळू म्हणाली, "तेव्हा ते झोपलेले नसायचे, ठके. जागे असायचे. विचारायचे, ती कधी येणार. मी म्हणायचे, परीक्षा झाली की."

ठकी काथ्याच्या पोत्यावर बसली. हे तिला कधीतरी ऐकायचंच होतं; इतकं लागेल हे मात्र ठाऊक नव्हतं. तिने फोन कानापासून दूर नेला नाही. वर आई रडत होती आणि फोनमध्येही रडत होती, आणि दोन्ही रडणी एकच होती.

"आहेस का?" आईने विचारलं.

"आहे."

"आता रागावून बसू नकोस तिकडे एकटीच."

"बसले रागावून तरी सांगेन तुला."

"सांग."

बर्फ लावून नर्सबाई उतरल्या, दारात क्षणभर थांबल्या. "परगावच्या बाई, तोंड बघा जरा आरशात. काही खाल्लंय का?" उत्तराची वाट न बघता त्या गेल्या.

उन्हं कलली तरी ठकी तिथेच बसून होती. वर पावलं वाजली. एक जड, एक हलकं, मध्ये बराच थांबा. भिंतीच्या आधाराने खिडकीपर्यंत. मग काहीतरी हलकं ओढल्याचा आवाज, स्वयंपाकघरातली ठेंगणी खुर्ची असावी. ती फोन उचलणार तोच तो वाजला.

"चालून बघितलं," आई म्हणाली. "लंगडतेय. पण आले खिडकीपर्यंत. रस्त्यावर सगळी पोरं उंडारतायत." मग जरा थांबून, "जेवलीस का? खरं सांग."

"नाही."

"वाटलंच मला. डबा धुतल्याचा, नळाचा आवाजच आला नाही खालून. जेव आता. तिकडे कोण विचारणार आहे तुला?"

"तू विचारशील," ठकी म्हणाली.

तिने डबा उघडला. अन्न गार झालं होतं. ते तिने तसंच, सगळं संपवलं. दिवे लागायला अजून अवकाश होता आणि उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं, पण तिने हात पुसले आणि येते म्हणून सांगायला त्या दुसऱ्या शहराला फोन लावला.