सर्व्हरला लागलेलं पाप

गुन्ह्यातले मोबाईल, संगणक आणि कॅमेऱ्यांची चित्रणं जिथे तपासली जातात, त्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी एकमेकांच्या अहवालात स्वल्पविराम चुकला तरी हमरीतुमरीवर येणारे तज्ज्ञ श्वास रोखून उभे होते. समोर लंबकमहाराज. हातात दोरा, दोऱ्याला पितळी गोळा, आणि गोळा सर्व्हरच्या कपाटापुढे झुलतोय.

"लहर येतेय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "चोरीचा खटला... फोटो... त्याला पाप लागलंय!"

लगेच त्या फोटोचा ठसा काढण्यात आला. ठसा म्हणजे फाईलवरून संगणकाने काढलेला लांबलचक आकडा. फाईलमध्ये एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी तो पार बदलतो. जप्तीच्या वेळचा ठसा एक होता, आताचा भलताच.

खोलीभर "अरे बापरे!" झालं. संचालकसाहेबांनी हात जोडले. मागे एक डिस्क बंद पडली तेव्हा कोर्टाने त्यांना चांगलंच झाडलं होतं. नवी डिस्क घ्यावी असं साहेबांना सुचलं नाही, महाराज सुचले.

महाराजांच्या अटीही साध्याच. "सर्व्हरला कुलपं नकोत, लहरी अडतात. आणि दुसरी प्रत ठेवणं म्हणजे चक्क अविश्वास!" साहेबांनी सगळं मान्य केलं. पासवर्ड नसलेल्या पाहुण्यालाही कुठलीही फाईल बदलता येईल अशी सेटिंग झाली, कोण आत आलं याची नोंद बंद, दुसरी प्रत बंद. वर महाराजांच्या पट्टशिष्याला प्रयोगशाळेचं वायफाय. तिजोरीचं दार हवा खेळावी म्हणून उघडं टाकणारा बँक मॅनेजर वेडा ठरला असता. साहेब श्रद्धाळू ठरले.

या गर्दीत हात न जोडलेली एकच बाई होती. पुराव्यांचा ताबा तिच्याकडे होता आणि सगळे तिला पाठीमागे खडूसबाई म्हणत.

"महाराज, या फोटोचा मूळ मोबाईल माझ्या कपाटात मोहोरबंद आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही बाटवलेल्या, चुकले, ओळखलेल्या फाईलचाही होता. त्यातल्या मूळ फाईलचा ठसा जसाच्या तसा निघाला. पाप फक्त नकलेलाच कसं लागतं?"

"तुझं कपाट पोलादी आहे, मुली. पोलादातून लहर जात नाही."

"आणि सर्व्हरचं कपाट काय पुठ्ठ्याचं आहे?"

दोघंतिघं खोकले. साहेब मात्र कडाडले, "बाई, महात्म्यांची उलटतपासणी घेऊ नका!"

महाराज दयाळू हसले. "जेवणानंतर शेवटची लहर. त्या ट्रकचालकाच्या चित्रणात मला काळं दिसतंय."

खडूसबाईने घड्याळाकडे पाहिलं. ज्या अपघातापायी चालक कोठडीत होता, तो झाला तेव्हा चालक दूरच्या पेट्रोलपंपावर चाकात हवा भरत होता, हे सांगणारं तेवढंच एक चित्रण होतं. पंपाच्या कॅमेऱ्याने त्यावर केव्हाच नवं चित्रण चढवलं होतं. मूळ गेलेलं, सर्व्हरवरची प्रत एकुलती एक, आणि सुनावणी उद्या. चालकाची बहीण बाहेर बाकावर बसून होती. महाराजांचं चालकाशी वाकडं नव्हतं. मोठा खटला बाटला की साऱ्या प्रयोगशाळेच्या शुद्धीचं काम मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब.

सगळे जेवायला पांगताच खडूसबाईने संगणकांचं जाळं सांभाळणाऱ्या तारवाल्याला गाठलं.

"सर्व्हरची सेटिंग बदलायची आहे. आत्ता."

"बाई, पाया पडतो, हात लावू नका! चालतंय ना? मागे अपडेट केलं तर अर्धा दिवस बंद पडला होता."

"बंद पडला होता, मेला नव्हता. ताबा माझा, सही माझी, शिव्याही मीच खाईन. ऊठ."

आधी चालकाच्या चित्रणाचा ठसा जुळवला. जुळला. बाईचा जीव भांड्यात पडला. मग वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत, पाहुण्याचं दार बंद, पुरावा फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही. आणि कुणी बदलायला गेलंच, तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सूचना.

जेवून तृप्त झालेली मंडळी परतली. गोळा झुलू लागला. पट्टशिष्य कोपऱ्यात टॅबलेटवर जप मोजत बसला.

"बाटली!" महाराज गरजले. "चालकाची फाईल बाटली!"

ठसा काढला. जुळला.

"पुन्हा बघा!"

पुन्हा जुळला. महाराज कोपऱ्याकडे वळले. "शिष्या, जप जोरात!"

शिष्याने बोट आपटलं. पडदा टुणकन वाजला आणि अक्षरं उमटली: 'पट्टशिष्य' या टॅबलेटकडून फाईल बदलण्याचा प्रयत्न. परवानगी नाही. शिष्याने घाबरून पुन्हा आपटलं. टुण. पुन्हा. टुण. खोलीतले सगळे विद्वान पडदा वाचत होते. जपात रंगलेला शिष्य तेवढा वाचत नव्हता.

तारवाल्याने टॅबलेट हिसकावला. जपमाळ नव्हतीच, चालकाची फाईल उघडी होती. शिष्याने आधी ठरलेल्या फाईलमध्ये एक अक्षर खुपसायचं, मग गुरूला लहर यायची. चमत्कार म्हणतात तो एवढाच.

"यंत्राची माया..." म्हणत महाराज दाराकडे सरकले. दारात पहारेकरी होता आणि त्याच्याशेजारी चालकाची बहीण. गलका ऐकून ती आली होती.

"साहेब, माझ्या भावाचं सगळं आयुष्य तुम्ही असं उघड्यावर ठेवलं होतं?"

"ताई, ते... श्रद्धेपोटी झालं."

"श्रद्धा तुमची, कोठडी त्याची. बरी वाटणी आहे!"

खडूसबाईने चित्रणाची प्रत मोहोरबंद केली, कोर्टाच्या पेटीत ठेवली आणि जमलेल्या पदवीधरांकडे वळली.

"गोळा का झुलतो ते कळलं नाही, तर त्यात लाज नाही. न विचारता हात जोडलेत, ती लाज. पुन्हा कुणी चमत्कार दाखवायला आला, तर आधी बघा, तो आपल्याला काय उघडं ठेवायला सांगतोय. तेवढं बंद करा आणि मग म्हणावं, दाखव."