दुसरं कडवं

लेनी डुबिन्स्कीच्या तळघरात उतरायचं तर आधी हात धुवावे लागत. साबणाने, थेट कोपरापर्यंत. बायकोलाही त्यातून सूट नव्हती. मार्सी कपड्यांची टोपली घेऊन वॉशिंग मशीनकडे निघाली की फळ्यांच्या आडून प्रश्न यायचाच, "हात धुतलेस का?"

खाली होत्या रेकॉर्डी. त्याही एकाच बँडच्या, आणि त्या बँडने उभ्या आयुष्यात काढलेली रेकॉर्ड एकच. 'शट व्हॉल्व्ह' हे बँडचं नाव. विल्क्स-बॅरी या कोळसा खाणींच्या गावात नळकाम शिकणाऱ्या चार पोरांनी १९८६ साली तो काढला, चौदा महिने हॉलाहॉलांतून बोंबलले आणि मग मुकाट नळ दुरुस्त करायला लागले. हार्डकोर म्हणतात या प्रकाराला. दीड मिनिटाचं गाणं, त्यात सव्वा मिनिट निव्वळ संताप. रेकॉर्डीच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या आणि त्यातल्या एक्केचाळीस लेनीकडे होत्या.

त्यातल्या तीस म्हणजे नुसती भरताड. लेनीचा जीव उरलेल्या अकरांत होता. झालं होतं असं, की पहिल्या कार्यक्रमाला कव्हरं छापून आलीच नाहीत. मग गायक बुच कोवाचच्या आजीने चर्चमधल्या पिरोगी विकायची रिकामी खोकी दिली. पोरांनी ती कापून बारा कव्हरं केली, बटाटा कोरून त्याचा ठसा मारला आणि वर हाताने नंबर टाकले. पिरोगी म्हणजे बटाट्याच्या सारणाची उकडलेली करंजी, तीही लोण्यात परतलेली, त्यामुळे खऱ्या कव्हरवर लोण्याचा डाग असतोच. या डागांवर लेनीने एकोणीस पानांचा लेख लिहिला होता. तो जगात सहा जणांनी वाचला आणि सहाही जणांनी त्यात चुका काढल्या.

सहा नंबरची प्रत मिळवण्यासाठी लेनीने आपला रेकॉर्ड-प्लेअर विकून टाकला, तेव्हा मार्सीने विचारलं होतं, "अरे, मग या वाजवणार कशावर?"

"वाजवायच्या कशाला? सुई टेकली की रेकॉर्ड संपली. माझ्या सगळ्या कोऱ्या आहेत."

"माझा गुलाबी प्लेअर आहे स्वयंपाकघरात."

"त्यावर तू तुझी नाताळची गाणी वाजव."

आता फक्त नऊ नंबर राहिला होता. लेनीला झोपेतही नऊ दिसायचा. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख तो दोनदा विसरला होता. तीही नऊच होती, हे विशेष.

२००३च्या फेब्रुवारीत, ऐन बर्फात, घरातला बॉयलर बंद पडला. दुरुस्तीला माणूस आला. ढेरपोट्या, गुडघ्यावर हात टेकून जिना उतरणारा. लेनीने त्याला हात धुवायला लावले आणि त्याच्या शर्टावरचं नाव वाचून स्वतःच खालच्या पायरीवर बसला. तो बुच कोवाच होता.

बॉयलर राहिला बाजूला, बुचने आधी फळीवरची खोकी पाहिली. "अरे देवा! ही आजीची खोकी अजून आहेत? उंदरांनी कशी नाही खाल्ली?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं लेनीला जमलंच नाही. "नऊ नंबर कुठे आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"माझ्याकडे. हत्यारांच्या कपाटात. तळाशी घातलीय, पाने-पकडी गंजत नाहीत."

लेनीच्या तोंडून हुंदका आला की काय कोण जाणे. त्याने आकडा सांगितला, मग त्याच्या दुप्पट सांगितला.

"पैसे ठेव खिशात," बुच म्हणाला. "हे बघ, आमच्या ड्रमरच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, त्याच्या मदतीसाठी उद्या दुपारी आम्ही एकदा वाजवतोय. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, तीन वाजता. पण शेवटच्या गाण्याचं दुसरं कडवं आम्हा चौघांतल्या एकालाही आठवत नाही. रेकॉर्ड तर कुणाकडेच धड नाही, माझ्या त्या नऊ नंबरवर तेल सांडलंय. मी माईक पुढे धरीन. तू म्हण. नऊ नंबर तुझी."

"एवढंच?"

"एवढ्या प्रती आहेत ना तुझ्याकडे? तुला नाही येणार तर कुणाला?"

"तोंडपाठ आहे," लेनी म्हणाला.

बुच गेला, बॉयलर धडधडू लागला आणि लेनीला घाम फुटला. त्याला ठशाच्या शाईचा रंग पाठ होता, लेबलावरच्या तिन्ही छपाईच्या चुका पाठ होत्या. गाणं त्याने शेवटचं कधी ऐकलं, हे मात्र आठवेना. एखादी भरताडीतली प्रत वाजवावी? हात पुढे गेला आणि मागे आला. कोरी ती कोरी. दुसऱ्या कुणा संग्राहकाला फोन करावा, तर उद्या सहाच्या सहा जणांत बोभाटा.

रात्रीच्या जेवणाला मार्सीने सगळं ऐकून घेतलं. "दुसरं कडवं ना? मला विचार की."

"तुला?" लेनी इतका हसला की कोबी घशात अडकला. "अगं, या गाण्यांत शब्द कळतात कुणाला? नुसतं ओरडलं की झालं."

मार्सीने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जोरातच. "मीही येते उद्या," ती म्हणाली.

हॉलमध्ये दोनशे माणसं असतील. चाळिशीतले बाप्ये, टकलावर टोप्या, दारात चर्चच्या बायका पिरोगी विकतायत. या मंडळींत एक रिवाज आहे. शेवटच्या गाण्याला गायक माईक पुढे धरतो आणि पुढच्या रांगेने पुढचं म्हणायचं. ज्याला येत नाही तो मागे उभा राहतो, त्यात लाज काही नाही. पुढे उभं राहायचं आणि यायचं नाही, याला मात्र क्षमा नाही. लेनी अगदी पुढे, मधोमध उभा होता, खिशात नऊ नंबर हाती घ्यायला पांढरे सुती हातमोजे.

बँडने पाऊण तासात अठरा गाणी वाजवली आणि तीनदा दम खाल्ला. मग बुचने नऊ नंबर उंच धरली. लोण्याचा डाग, वर तेलाचा डाग. "दुसरं कडवं म्हणेल त्याची ही!" गाणं सुटलं, पहिलं कडवं सपाट्यात संपलं, आणि माईक लेनीच्या नाकासमोर आला.

लेनीने डोळे मिटले आणि ओरडला. काय ओरडला, ते पहिल्या रांगेला स्पष्ट ऐकू आलं. "आऽऽ! राऽऽ! तीनशे प्रतीऽऽ! बटाट्याचा ठसाऽऽ!"

ड्रमरचा हातच थांबला. बापड्याला वाटलं, आपलंच चुकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा काय रद्दीवाला आहे काय?" आणि सगळा हॉल फिसकन हसला. लेनीचं पितळ उघडं पडलं होतं. "माईक खराब आहे," तो पुटपुटला. नाचता येईना, अंगण वाकडं.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून एक हात आला. पिरोगीच्या लोण्याने माखलेला. मार्सीने माईक ओढून घेतला, ड्रमरकडे बघून मान हलवली, आणि लेनीने पंधरा वर्षांच्या संसारात कधी न ऐकलेला आवाज तिच्या पोटातून निघाला.

"आजा दबला खाणीखाली! बाप दबला बाटलीखाली! मी कुणाच्या खाली?"

"नाही! नाही! नाही!" हॉल गरजला. अर्ध्या लोकांचे आजे खरंच खाणीत गेले होते. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढून माईककडे झेपावत होती आणि मार्सी डोळ्यांत पाणी आणून तेच कडवं पुन्हा म्हणत होती. बुचने नऊ नंबर तिच्या हातात दिली आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला.

गाडीत लेनी म्हणाला, "तुला कसं येतं?"

"तुझा राग आला की लावते. तू कामावर गेलास की. चांगलं आहे रे ते, मोकळं वाटतं."

"कुठली प्रत?" त्याचा आवाज चिरकला. "मार्सी, कुठली प्रत वाजवलीस?"

"सगळ्या. आळीपाळीने. एकच झिजायला नको म्हणून."

घरी आल्यावर मार्सीने फ्रिजवरचा जाड मार्कर घेतला आणि नऊ नंबरच्या लेबलावर टपोऱ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. शाळेत असताना मुली लिहायच्या तसं, रेकॉर्ड कुणाच्या घरी राहिली तर परत यावी म्हणून. लेनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ऐकायची असेल तर बस," ती गुलाबी प्लेअरचं झाकण उघडत म्हणाली. "पण आधी हात धुऊन ये."

त्याने धुतले, कोपरापर्यंत. सुई टेकली. करकर करत गाणं सुरू झालं, पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, मार्सी ओठांनी शब्द पुटपुटत त्याच्याकडे बघत होती. त्याची नजर गरगर फिरणाऱ्या तिच्या नावावर होती.

"काय म्हणतोय तो, कळलं?" तिने विचारलं.

"कोण?" लेनी म्हणाला. "बरं, ही शाई स्पिरिटने निघते का गं?"