शेजारची खुर्ची

शिंपीमामा नगराध्यक्षबाईंच्या कचेरीत आले, ते फक्त घरी विसरलेला चष्मा द्यायला. बाई म्हणजे त्यांची बायको, नुकतीच निवडून आलेली. पण शिपायानं लगबगीनं तिच्या शेजारची गादीची खुर्ची पुढे ओढली. "बसा, साहेब. आधीच्या बाईंचे मिस्टर इथंच बसायचे."

मामा टेकतात न टेकतात तोच पालिकेच्या इंजिनियरनं गटारदुरुस्तीची फाइल त्यांच्यासमोर उघडली. "साहेब, तुम्ही नजर टाका. मॅडम सही करतील."

बायकोनं नुसतं मामांकडे बघितलं. मामांचं डोकं सणकलं.

"अहो, मी सदऱ्यांची मापं घेतो, गटारांची नाही! दारोदार हिंडून चपला तिनं झिजवल्यात." त्यांनी फाइल तिच्यापुढे सरकवली, वर चष्मा ठेवला. मग खुर्चीच उचलली आणि बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या म्हातारीला नेऊन दिली. "बसा, आजी. ही खुर्ची आता इथंच राहणार."

उघड्या दारातून बायकोचा आवाज आला. "एका वर्षात त्याच गटाराची तिसरी दुरुस्ती? जरा समजावून सांगा बघू."

मामांनी वळून पाहिलं. इंजिनियर बसायला खुर्ची शोधत होता.