पापणी नसलेले साक्षीदार

मंगळवारी सकाळी अयोध्या नगरच्या मागच्या तळ्यावर उभं राहायला जागा नसायची. स्कूटर्स थेट रस्त्यापर्यंत लावलेल्या, बायकांच्या हातात कणकेच्या गोळ्यांचे डबे, पुरुषांच्या हातात मोबाइल. वरच्या पायरीवर मत्स्यानंद महाराज आले की सगळे गप्प होत. भगवी कफनी, मेंदीनं लालसर झालेली दाढी, पायात जाडजूड लाकडी खडावा. डोळे मिटून मंत्र म्हणत ते पायऱ्या उतरत, अगदी खालच्या ओल्या पायरीवर थांबत, आणि ते हिरवट पाणी उकळी आल्यासारखं हलू लागे. नुसते मासेच मासे. तोंडं वासून वर आलेले, एकमेकांच्या अंगावर चढणारे. लोक हात जोडत. एखाद्या बाईला रडू फुटे.

"मछली की पलक नहीं होती," महाराज सांगत. "जिसकी पलक नहीं, उसकी आँख बंद नहीं. जिसकी आँख बंद नहीं, उससे झूठ छुपता नहीं. मन साफ़ है तो मछली आएगी. मन मैला है तो..."

पुढचं वाक्य ते पाण्यात सोडून देत आणि लोक आपापल्या परीनं ते पुरं करत.

मी सुधाकर पेंडसे. जन्मभर कारखान्यात टर्बाइनची पाती तपासून निवृत्त झालो. महाराजांच्या या युक्तिवादातलं एखादं पातं ढिलं आहे, एवढं मला कळायचं. पण आमच्या सुनंदाची त्यांच्यावर श्रद्धा होती. ती डबा घेऊन मागे बसे, मी स्कूटर चालवत असे. घरात शांतता हवी असेल तर माणसानं स्कूटर चालवावी, वाद घालू नये, हे माझं धोरण. ते तन्वीच्या लग्नापर्यंत नीट चाललं.

तन्वी आमची एकुलती एक. फिजिओथेरपिस्ट आहे, म्हाताऱ्यांचे गुडघे वळवते आणि त्यांना बोलण्यात गुंतवून ओरडू देत नाही. तिनं आणि मंदारनं एकमेकांना पसंत केलं होतं. मंदार सिंचन खात्यात इंजिनियर, आई लीलावतीबाईंबरोबर शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा. मूळचे नागपूरचे. सगळं जमलं होतं, फक्त तारीख ठरायची होती.

"तारीख काढू ना, सुनंदाताई," आमच्याकडे चहाला आलेल्या लीलावतीबाई म्हणाल्या. "फक्त एकदा पोरीला माशांसमोर उभी करू. माझ्या जावेनं न दाखवता सून आणली अन् आता दोन चुली झाल्या."

मी मंदारकडे पाहिलं. मंदारनं बिस्किटाकडे पाहिलं.

मंगळवारी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. तन्वीचा नंबर आला तेव्हा तिनं महाराजांना नमस्कार केला आणि सहज विचारलं, "महाराज, ये रोहू हैं या कतला?"

गर्दीत कुणीतरी हसलं. महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "बेटी को मछली में भगवान नहीं दिखता," ते म्हणाले, "जात दिखती है."

मग त्यांनी सुस्कारा सोडून खडावा काढल्या आणि बाजूला ठेवल्या. ज्याच्याबद्दल मनात शंका आली, त्याच्यापुढे ते पादुका घालून चालत नाहीत, असं सुनंदानं माझ्या कानात सांगितलं. अनवाणीच ते तन्वीबरोबर खाली उतरले. तोच मंत्र म्हटला, त्याच सुरात. पाणी ढिम्म. एक चहाचा कागदी पेला तेवढा तरंगत आला आणि तिच्या पायाशी थांबला.

"मन में कुछ है, बेटी," महाराज हळूच म्हणाले, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं.

लीलावतीबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि त्या रिक्षा शोधायला निघाल्या. मंदार त्यांच्या मागे गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला: "आईला थोडा वेळ द्या, काका."

घरात सुतक असल्यासारखे दिवस आले. सुनंदा पोळ्या लाटता लाटता विचारायची, "तन्वी, त्या क्षणी तुझ्या मनात नक्की काय आलं होतं गं?" आधी तन्वी हसायची. मग चिडायची. मग एका सकाळी चहा पिताना मला म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मला वाटलं होतं की मंदारच्या घरात आपलं जमेल का. माशांना तेच कळलं असेल का?"

पेशंटना हाडांचे एक्स-रे वाचून दाखवणारी माझी मुलगी हे बोलली. मी त्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला बोलावलं.

मंजूषा इथल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. ती आली, तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि महाराज खरे की खोटे याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट सुनंदाला विचारलं, "वहिनी, मासे येतात तेव्हा आणि येत नाहीत तेव्हा, काय काय वेगळं असतं?"

"मन," सुनंदा म्हणाली.

"ते मला दिसत नाही. दिसतं असं काय वेगळं असतं?"

सुनंदा मंत्र, डबा, गर्दी असं बोटांवर मोजू लागली. मंजूषा माझ्याकडे वळली. "दादा, कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला की तुला काय होतं?"

"भूक लागते," मी म्हणालो. निवृत्त झालो तरी त्या भोंग्याला माझ्या तोंडाला पाणी सुटतं. सुनंदा यावरून मला कायम बोलते.

"भोंग्याला काही वास आहे? चव आहे? पण वर्षानुवर्षं भोंग्यामागून डबा आला, म्हणून आता डबा नसला तरी लाळ येते. अनुभवानं वागण्यात जो टिकाऊ बदल होतो त्याला आम्ही शिकणं म्हणतो. त्याला शाळा लागत नाही, बुद्धी फार लागत नाही. दादा शिकला, तसा मासाही शिकतो."

"म्हणजे मी आणि मासा सारखे?"

"मासा घरी येऊन कुरकुर करत नाही," सुनंदा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती विनोद करत होती.

पुढच्या मंगळवारी मंजूषा आमच्याबरोबर आली. सगळे पाण्याकडे बघत होते, ही बाई महाराजांच्या पायांकडे बघत बसली. कणकेच्या गोळ्या मासे वर आल्यावरच पडतात, हे तिनं पाहिलं. ज्यांना मासे पावले त्यांच्या वेळी खडावा पायात होत्या, हे पाहिलं. रमेश नावाच्या एका दूधवाल्यानं मागच्या वेळी महाराजांशी हुज्जत घातली होती. या वेळी त्याचा नंबर आला तेव्हा खडावा उतरल्या आणि मासे आले नाहीत, हेही पाहिलं.

परतताना ती सुनंदाला म्हणाली, "वहिनी, मासे न आल्यावर खडावा काढल्या असत्या तर मी समजले असते. हे आधीच काढतात. निकाल माशांच्या आधी यांना कसा कळतो?"

 घरी आल्यावर सुनंदा स्वतःच म्हणाली, "अहो, चौकातून एक खडावांचा जोड आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज प्रवचनाला करोंदला गेले होते. तन्वीला घेऊन आम्ही गेलो तेव्हा तळ्यावर शुकशुकाट होता. मंजूषानं आधी सुनंदाला अनवाणी पाठवलं. सुनंदाला मंत्र तोंडपाठ होता. तिनं तो मनोभावे म्हटला. पाणी हललं नाही. तिचा चेहरा उतरला.

"आता तू, दादा. खडावा घाल, आणि मंत्र नको."

"मग काय म्हणू?"

"काहीही."

मला काही सुचेना. शेवटी मी महाराजांच्या सुरात, लांब हेल काढत सुरू केलं: "यात्रीगण कृपया ध्यान दें, इटारसी की ओर जानेवाली गाड़ी अपने निर्धारित समय से देरी से चल रही है..." आणि खटाक् खटाक् पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत माझ्यासमोर माशांचं संमेलन भरलं होतं. उशिरा येणाऱ्या गाडीसाठी एवढे भाविक प्रवासी मी स्टेशनवरही पाहिले नव्हते.

तन्वी पायरीवर बसून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती नुसतीच रडली. सुनंदानं तिला जवळ घेतलं.

मग मंजूषानं तोंड बंद ठेवून खडावा वाजवल्या, मासे आले. खडावा हातात धरून मंत्र म्हटला. एकही आला नाही. पुन्हा पुन्हा, आलटून पालटून. "एक वेळ योगायोग असतो," ती म्हणाली. "म्हणून एकच गोष्ट बदलायची, बाकीचं तसंच ठेवायचं, आणि बघायचं. मंत्राचा आवाज हवेत राहतो, पाण्यात फारसा शिरत नाही. लाकूड दगडावर आपटलं की हादरा पायरीतून थेट पाण्यात जातो. तो झाला की जेवण येतं, हे मासे शिकलेत. अनवाणी पाय आले की काही मिळत नाही, हेही शिकलेत."

"आपण रोज नुसत्या खडावा वाजवल्या आणि खायला दिलं नाही तर?" तन्वीनं विचारलं.

"काही दिवसांत यायचे थांबतील. पण त्या बिचाऱ्यांना कशाला फसवायचं?" असं म्हणून मंजूषानं पिशवीतून कणीक काढली.

मंगळवारी आम्ही लीलावतीबाईंना आणि मंदारला मुद्दाम बोलावलं. तन्वीची परीक्षा पुन्हा घ्या, अशी मंजूषानं नम्रपणे विनंती केली. महाराजांना नाही म्हणता येईना. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी सुस्कारा सोडला आणि खडावा काढल्या.

"महाराज, आज पहनकर चलिए," मंजूषा म्हणाली.

"मैले मन के आगे हम पादुका नहीं पहनते."

"तो दूसरी जोड़ी है," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी खडावा चढवल्या. एवढ्या गर्दीसमोर मी पाय जरा जास्तच जोरात आपटले. खाली उतरता उतरता मी मोठ्यानं म्हणालो, "मेरी उम्र पच्चीस साल है."

पाणी हललं.

"मेरे सिर पर घने बाल हैं."

माझ्या टकलावर ऊन चमकत होतं. मासे वर आले.

"मैं पत्नी से कभी डरा नहीं."

मासे एकमेकांच्या अंगावर चढून पुढे येऊ लागले. लांबचेही माझ्याकडे वळले. आधी रमेश दूधवाला हसला, मग बायका, मग सगळा घाट.

"वहिनी," मंजूषानं विचारलं, "यातलं खरं किती?"

"एकही नाही," सुनंदा ठणकावून म्हणाली.

महाराजांनी सावरायचा प्रयत्न केला. "भाव शुद्ध है इनका. मछली शब्द नहीं, भाव देखती है."

"मग आता मी भाव बिघडवतो," रमेश म्हणाला. त्यानं माझ्याकडून खडावा घेतल्या, पायात चढवल्या आणि महाराजांकडे रोखून बघत, दात-ओठ खात, खटाक् खटाक् उतरला. त्याच्या मनात काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मासे त्यालाही पावले. महाराज म्हणाले की आज ग्रह वक्री आहेत, आणि आपल्या खडावा पायात घालून वर निघाले. प्रत्येक पायरीवर खटाक् होत होतं आणि मासे आशेनं काठाला येत होते.

मंजूषा तन्वीला म्हणाली, "घाल. सगळ्यांसमोर येऊ देत एकदा."

तन्वीनं मान हलवली. "नको, आत्या. मासे आले म्हणजे मी चांगली, हे मी का मान्य करू? मग ते आले नव्हते तेव्हा मी वाईट होते, हेही मान्य करावं लागेल."

 लीलावतीबाई खाली आल्या. त्यांना बोलायला जड जात होतं. "पोरी, मी चुकले. जावेच्या घरचं पाहून घाबरली होती मी. तुला विचारायचं ते माशांना विचारत बसले."

"आता विचारा ना, काकू," तन्वी म्हणाली. "मी उत्तर देते. बोलता येतं मला."

मंदार पुढे झाला. तन्वीनं त्याला विचारलं, "त्या दिवशी तू कुठे बघत होतास?"

"पाण्याकडे," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघायचं होतंस."

त्यानं सबब सांगितली नाही, मान खाली घातली. म्हणूनच, मला वाटतं, पुढचं जमलं. तन्वीनं त्याला बरेच महिने थांबवलं. या काळात तो एकटा आमच्याकडे यायचा, बोलायचा, भांडायचा, आईशीही बोलायला शिकला. मग त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं.

महाराज नर्मदेच्या काठी कुठेतरी गेल्याचं ऐकलं. तिथेही मासे असतील, ते शिकतीलही. माशांना दोष नाही. भुकेल्या जिवानं शिकावं तेच ते शिकले. महाराजांना ते शिकवायला कणीक लागली, आणि ती आम्हीच घरून मळून नेली.

शिकलो तर आम्हीही होतो. ज्याला मासे पावले तो कौतुकानं सांगत सुटला आणि पुन्हा पुन्हा आला. ज्याला पावले नाहीत तो लाजेनं गप्प बसला. त्यामुळे गावभर एकच बाजू ऐकू येत राहिली, आणि त्या पायरीवर किती जणांनी स्वतःला वाईट ठरवून घेतलं याचा पत्ता कुणालाच लागला नाही.

म्हणून एवढंच सांगतो. कुणी तुमच्या मनाचा निवाडा सांगू लागला, तर त्याला तो कसा कळला हे विचारा. तीच गोष्ट त्याच्याशिवाय घडते का, हे स्वतः करून बघा. न पटलेलं मोठ्यानं बोला, कारण शेजारचाही बहुधा त्याच विचारानं गप्प असतो. आणि निकाल हातात येईपर्यंत आपल्या लेकीवर विश्वास ठेवा.