पेरणीची सरकी

साता समुद्रापल्याड कुठंशी लढाई लागली अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले भाव आला. त्या साली अमरावतीहून एक गोरा साहेब सरकी काढाचं यंतर घेऊन आमच्या गावात आला. बैल जुपले की ते यंतर असं काई फिरे! मी लाकडी रेच्यावर दिवसभर बसून जेवढी रुई काढो, तेवढी ते पान खाऊन होयेपर्यंत काढे.

साहेबाचं बोलणं मोरोपंत दुभाषे मराठीत सांगत. मले भारी चौकशा. मी इचारलं, "पंत, तो घडीघडी काय म्हणून राहिला?"

"म्हणतो, हेच व्यवहाराला धरून आहे."

"म्हंजे लवकर उरकते, असंच ना?"

"तसं नाही म्हणत ते. आपण 'उरकलं' म्हणतो, त्यात थोडी लाज असते. साहेब लोक त्यालाच अक्कल म्हणतात."

काय बाप्पा नवल! मी पटकन उरकलं की सासू जलमभर शिव्या देई. मले त्या साहेबाच्या बायकोचा हेवाच वाटला.

मिरुग आठ दिवसांवर आला व्हता, अन् पेरणीच्या बियाण्याचा कापूस तसाच पडून व्हता. चांगल्या झाडाची बोंडं येगळी येचून ती सरकी आमी बाया हातानंच काढतो. धनी म्हणे, "टाक यंतरात. अक्कल का सायबालेच हाये?"

"काहून घाई करता? आधी पाहू द्या."

यंतरातल्या वीस सरक्या अन् हातच्या वीस, मी ओल्या फडक्यात येगयेगळ्या बांधल्या. चौथ्या दिवशी सोडून पायल्या. हातच्या अठराले कोंब व्हते. यंतरातल्या तिनालेच. बाकीच्या यंतराच्या दातानं चिरल्या व्हत्या.

धन्याले दाखवाले घरात आली, तं ना धनी, ना बियाण्याच्या कापसाचं गाठोडं! तशीच फडकं घेऊन यंतराकडे पळत सुटली. अर्धा कापूस यंतरातून गेला व्हता. उरलेल्या गाठोड्यावर मी बसूनच घेतलं.

साहेबानं बैल थांबवले. फडक्यातली एक एक सरकी त्यानं बोटानं उलटून पायली. मंग पंतांशी हळूच बोलला.

"काय म्हणते?"

"म्हणतो, हे त्याला ठाऊक नव्हतं." पंत खाली पाहत म्हणाले, "याआधी नऊ गावं झाली, बाई. सगळ्यांनी बियाण्याचा कापूस यातच घातला."

मले रडूच फुटलं. आमचं अर्धं बियाणं तरी वाचलं व्हतं. ती सरकी पेरू नका, असं त्या गावांले सांगाले साहेबानं घोड्यावर खोगीर घालाले लावलं. नऊ गावं व्हती, अन् मिरुगाले चारच दिवस.