जागच्या जागी रडू

टेलरबाईंचं मत पक्कं होतं. लेकीनं घराजवळच्याच विद्यापीठात जावं. मुलांना दोन भाषांतून शिकवायची पदवी तिथंही मिळते, मग लांब कशाला तडफडायचं? तरी लेकीनं हट्टच धरला, म्हणून त्या नाक मुरडत लांबचं विद्यापीठ बघायला आल्या.

इथं आवारातच लहान मुलांची शाळा होती आणि पदवीचे विद्यार्थी तिथं शिकवायला शिकत. दोघी बघत असतानाच एक पोरगी पळता पळता पडली आणि तिनं आपल्या घरच्या भाषेत भोकाड पसरलं. शिकाऊ बाईंनी तिच्या गुडघ्यावर फुंकर घातली आणि त्याच भाषेत तिची समजूत काढली.

टेलरबाईंना आपल्या लेकीची शाळा आठवली. त्यांची लेक लहानपणी शाळेत पडायची, पण तिथली भाषा निराळी, म्हणून दिवसभर ओठ मिटून राहायची. संध्याकाळी घरी यायची, दप्तर खुंटीला अडकवायची आणि मग आईच्या शिलाई मशीनपाशी बसून सकाळचं रडू रडायची.

“लांब पडेल ना गं आई?” आता लेकच कचरली.

“पडू दे,” त्या म्हणाल्या. “इथं पोरांना जागच्या जागी रडता येतं.”